चाळीस मिनिटांवरची हिमनदी

शुक्रवार, ९ फेब्रुवारी २०२४. माणशी सत्त्याऐंशी स्विस फ्रँक चाळीस राप्पेन. महिला व्यायाम मंडळाच्या वार्षिक सभेत चिटणीस रोझविता हित्स हिने सहलीच्या खर्चाचा हा आकडा फळ्यावर लिहिला आणि त्याखाली पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारली. एवढ्या पैशांत डोंगरातून लाल आगगाडीचा जाऊन-येऊन प्रवास होणार होता आणि दुपारचं जेवणही त्यातच होतं. ज्यांना सुरवाद्रेत नावाच्या थांब्यावर उतरून वाटाड्याबरोबर हिमनदीवर चालत जायचं असेल, त्यांनी वर पस्तीस फ्रँक द्यायचे. दुसरा प्रस्ताव तळ्यातल्या बोटीचा होता. बोटीवर मासे मिळणार होते, आणि गेली चार वर्षं मंडळ बोटीनेच जात होतं.

मतदान हात वर करून होतं. त्याआधी रोझविताने विचारलं, "थांब्यापासून हिमनदी किती लांब? मेंगिया, तू सांग. एकतीस वर्षं तिथे दुकान चालवलंस तू."

"चाळीस मिनिटं," मेंगिया काडोनाऊ म्हणाली.

विचार करायला तिला क्षणभरही लागला नाही. रोझविताने वहीत लिहून घेतलं. गाडीच्या बाजूने तेरा हात वर झाले, बोटीच्या बाजूने दहा. गाडीसाठी मेंगियाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, तोही कोपरापर्यंतच.

मेंगिया म्हणजे सभेत मागच्या बाकावर बसणारी, खुर्च्या उचलायला मात्र सगळ्यांत आधी उठणारी बाई. वय सदुसष्ट. १९८८च्या उन्हाळ्यात तिने सुरवाद्रेतच्या थांब्यावरचं लाकडी दुकान चालवायला घेतलं. कॉफी, जवाचं सूप, अक्रोडाचा केक, पोस्टकार्डं आणि पावसाळी टोप्या. आधीच्या मालकिणीने किल्ल्या देताना एकच सल्ला दिला होता, "लोक शंभर गोष्टी विकत घेतील, पण विचारतील एकच. बर्फ किती लांब? चाळीस मिनिटं म्हणायचं आणि कॉफी पुढे सरकवायची."

मेंगियाने तेच केलं. जर्मन, इटालियन, फ्रेंच आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाळीस मिनिटं म्हणायला ती शिकली. एका जपानी बाईने तिला ते जपानीतही शिकवलं. ती स्वतः मात्र कधी गेली नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर तासाला गाडी, आणि दर गाडीला माणसं. पाऊस असला की गिऱ्हाईक नसे, पण पावसात बर्फावर कोण जातं? हिवाळ्यात वाट बंद, आणि ती खाली गावातल्या हॉटेलच्या धुलाईखान्यात. नवरा रुळांच्या दुरुस्तीच्या टोळीत होता, तो दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघं जाऊ." तो गेला, दोन हजार एकोणीसमध्ये दुकानही सुटलं, आणि ती कूरजवळ बहिणीच्या गावी राहायला आली. लाखभर माणसांना तिने त्या वाटेला लावलं असेल. परत येणारे कधी खूश असत, कधी घामाघूम आणि जरा नाराज. ती त्यांना सूप द्यायची.

मे महिन्यात घरोघरी अर्ज आला. खाली दोन चौकोन होते: 'फक्त गाडी' आणि 'गाडी व हिमनदी'. मेंगियाने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा दिवस ठेवला. तिचा उजवा गुडघा चढावर दुखायचा. दुखण्याचं तिला काही वाटत नव्हतं. आपल्यामुळे बाकीच्या बायका वाटेत उभ्या राहतील, घड्याळाकडे बघतील आणि चांगल्या स्वभावामुळे काही बोलणार नाहीत, याची तिला धास्ती होती. मग वर्तमानपत्रात एक बारीक बातमी आली. बर्फाचं टोक कड्यामागे सरकत चाललं होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून वाटाडे तिथे गट नेणार नव्हते. बाराव्या दिवशी तिने दुसऱ्या चौकोनात फुली मारली आणि मन बदलायच्या आत पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं.

शनिवारी, ७ सप्टेंबरला, तेवीस बायका कूरहून निघाल्या. रोझविताने प्रत्येकीच्या हाती छापलेलं वेळापत्रक दिलं. सुरवाद्रेत ११.०४. बर्फ ११.५५. बर्फावर पन्नास मिनिटं. परत थांब्यावर १३.२५. जेवण. गाडी १४.०४, राखीव डबा.

"मुतायची वेळ कुठे लिहिली आहेस?" बाबेतने विचारलं. बाबेत अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मंडळातली सगळ्यात थोरली आणि सगळ्यात फटकळ.

"गाडीत," रोझविता म्हणाली. "पुलानंतर."

डबा हसला. उंच दगडी पुलांवरून गाडी वळत होती, खाली नदी पांढरी दिसत होती, आणि सगळ्या जणी पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

सुरवाद्रेतला उतरल्यावर मेंगियाने आधी दुकानाकडे बघितलं. नवा रंग दिला होता, खिडकीत पेलार्गोनियमची फुलं होती, बरं वाटलं. मग आठ जणींबरोबर ती रूळ ओलांडून पलीकडे गेली. दुकानाच्या खिडकीतून न दिसणारा पिवळा दिशाफलक तिथे होता. त्यावर हिमनदीचा बाण होता, आणि बाणावर लिहिलं होतं: १ तास २५ मिनिटं.

मेंगियाने ते दोनदा वाचलं. रोझविताही वाचत होती. तिचं बोट वेळापत्रकावरून खाली सरकत होतं आणि कुठेच थांबायला जागा सापडत नव्हती.

"चूक माझी आहे," मेंगिया म्हणाली. "मी मोजलंच नव्हतं. मला जे सांगितलं होतं, तेच मी सांगत आले."

वाटाड्या दगडावर बसून बूट बांधत होता. डुरी त्याचं नाव, वय पंचावन्न. मेंगियाच्या दुकानात त्याने वीस वर्षं कॉफी प्यायली होती. तो मान वर न करताच म्हणाला, "अगं मेंगिया, तुझ्या चाळीस मिनिटांपायी मी किती शिव्या खाल्ल्यात, माहीत आहे? तासाभराने लोक मला विचारायचे, ती दुकानवाली कुठे राहते?"

"मग मला सांगितलं का नाहीस कधी?"

"तुझं सूप चांगलं होतं."

कोणी हसलं, पण रोझविता हसली नाही. "दोनची गाडी जमणार नाही. राखीव डबा आहे. एक तर सगळ्यांनी अर्ध्या वाटेवरून परतायचं, नाही तर..."

"तुम्ही जा," मेंगिया घाईने म्हणाली. "तुम्ही भरभर चालाल. मी खाली बसते. माझ्याशिवाय वेळ थोडा तरी वाचेल."

हे ती अगदी मनापासून बोलली, पण बोलताना तिचे डोळे वाटेकडेच होते, आणि ते बाबेतने टिपलं. ती खालीच थांबणाऱ्या चौदा जणींतली, निरोप द्यायला रुळांपलीकडे आली होती. बर्फ बघायला आपण मेल्यावर भरपूर वेळ आहे, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. ती दुकानाकडे वळून ओरडली, "बायांनो, बाहेर या! मतदान आहे!"

बायका केकचे तुकडे हातात घेऊन फलाटावर आल्या.

"ही मेंगिया एकतीस वर्षं जगाला बर्फाकडे पाठवत होती आणि स्वतः गेली नाही," बाबेत म्हणाली. "आज गेली नाही तर कधीच जाणार नाही. दोनऐवजी चारची गाडी. राखीव डबा गेला, उभं राहून घरी जायचं. कोण तयार आहे?"

"आणि तुझ्या कोंबड्या?" कोणी तरी विचारलं.

"कोंबड्यांना नवरा आत घालेल. निदान एका संध्याकाळी तरी त्याला काम."

हात वर झाले. रोझविताने सवयीने मोजले: चौदापैकी चौदा. मग तिने वेळापत्रकाची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि खिशात घातली. "मंजूर," ती म्हणाली. तिने रेल्वेला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा राखीव जागा सोडल्या.

मेंगियाने पाठीवरची पिशवी सारखी केली आणि ती वाटेकडे वळली.

डुरीने तिला आपल्या मागे उभं केलं. "सगळ्यात हळू चालणारा वाटाड्याच्या मागे. बाकीच्यांनी त्याच्या पावलाने चालायचं. हा नियम माझा नाही, डोंगराचा आहे. तू मागे राहिलीस तर धावशील आणि पडशील."

म्हणून ज्या जागेची तिला भीती होती, ती जागाच तिच्या वाट्याला आली नाही. मागून कोणी तिच्याकडे बघत उभं राहत नव्हतं. आठ जणी तिच्या पावलाने येत होत्या, गप्पा मारत, मध्येच वाळलेलं सॉसेज कापून एकमेकींना देत. वाटेत खांब होते. प्रत्येकावर एक साल लिहिलेलं होतं, बर्फ तेव्हा तिथवर होता. लार्च झाडं संपली, नुसते दगड सुरू झाले.

एका खांबापाशी डुरी थांबला. १९८८. त्याने घड्याळ दाखवलं. निघून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

"तुझा गुडघा वजा कर," तो म्हणाला. "चाळीस बरोबर आहेत. त्या वर्षी तू एक मिनिटसुद्धा खोटं बोलली नव्हतीस."

मेंगियाने खांबावर हात ठेवला. पुढे बर्फ अजून दिसतही नव्हता. ती दुकानात उभी राहून कप धूत होती तेव्हा तो इतका मागे सरकला होता, आणि तिला पत्ताही लागला नव्हता. नवऱ्याबरोबर पहिल्या उन्हाळ्यात आली असती तर इथेच थांबून डबा उघडला असता. रोझविता तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी गाडीचं वेळापत्रक तीनदा तपासलं. जेवणाचं दोनदा. तुझं तपासलं नाही. तू म्हणालीस, मला पुरे वाटलं."

"चुकलंच माझं."

"चुकलं तर चुकलं. चल."

शेवटचा चढ गुडघ्याने नकोसा केला. दोनदा ती थांबली, आणि दोन्ही वेळा आठही जणींना एकदम बुटाचे बंद घट्ट करावेसे वाटले. मग दगडांमागून गार वारा आला, आणि बर्फ दिसला. पोस्टकार्डांवर तिने विकला तसा पांढरा तो नव्हता. करडा, मळका, भेगांत निळा, आणि सगळीकडून पाणी गळत असलेला. डुरीने तिच्या बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले आणि हात दिला. पहिलं पाऊल टाकताना खिळे बर्फात रुतले, करकर आवाज झाला. ती वीसेक पावलं चालली. मग वाकून तिने हातमोजा काढला आणि तळवा बर्फावर टेकवला. तो झोंबेपर्यंत तसाच ठेवला.

"कसा आहे?" रोझविताने विचारलं.

"ओला," मेंगिया म्हणाली, आणि रडत रडत हसायला लागली.

चारच्या गाडीत तेवीस जणी उभ्या होत्या. पुढच्या स्टेशनवर काही प्रवासी उतरले, आणि बाबेतने एका जागेवर पिशवी टाकून मेंगियाला तिथे बसवलं. मेंगिया एकेकीचं नाव घेऊन आभार मानू लागली. सातव्या नावाला बाबेत म्हणाली, "पुरे आता. घरी पोचेपर्यंत संपायचं नाही." तरी मेंगियाने तेवीसांतून स्वतःला सोडून बावीस नावं घेतली, एकही गाळलं नाही, आणि डुरीचं वेगळं घेतलं.

खिळ्यांचे पट्टे दुपारी दोनपर्यंतच भाड्याने घेतले होते. वरच्या वेळेचे सहा फ्रँक डुरीने कोणाला न सांगता दुकानात आपल्या खिशातून भरले. मेंगियाने ते त्याला अजून दिलेले नाहीत.