बिनकारणाचा खाडा

खाडा हा शब्द आता कुणाच्या तोंडात राहिला नाही. माझी नातवंडं ‘लीव्ह टाकतात’. आमच्या वेळी सोलापुरात कामावर न जाणं म्हणजे खाडा, आणि खाड्याला कारण लागायचं. ताप, लगीन, नाहीतर मयत. चौथं कारण आमच्या चाळीला ठाऊकच नव्हतं. मी नवऱ्याला एकदा बिनकारणाचा खाडा करायला लावला, आणि त्यापायी माझ्या धडधाकट बापाला चाळीनं मारून टाकलं. खोटं नाही सांगत.

लग्न होऊन मी मोहोळजवळच्या आमच्या खेड्यातनं सोलापुरात आले, ते सत्तरनंतरचे दिवस. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची रीत. मालक गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. लग्नात ते बदली कामगार होते. बदलीवाल्यानं रोज पहाटे गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर आत जायचं, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी यायचं. सहा वर्षं हा माणूस त्या दारात उभा राहिला होता. त्यामुळं खाडा हा शब्द त्यांच्या कानाला लई गोड लागायचा, पण दुसऱ्याचा. स्वतः खाडा करायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा त्यांच्या.

गिरणीला आठवड्याची सुट्टी असायची की, नाही कशाला म्हणू? पण त्या दिवशी रेशनची रांग, सायकलचं पंक्चर, कुणाच्या तरी मुलीचं बघणं, कुणाचा तरी दहावा. सुट्टी कसली, दुसरी पाळीच ती! एखादा माणूस दारात नुसता बसलेला दिसला की येणारा-जाणारा विचारायचा, “का वो, बरं न्हाय का?” बसायलाही दुखणं लागायचं आमच्या गल्लीत.

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. मालक माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे समोर ताट ठेवून “भाजी कशी झाली?” विचारलं तर “झ्याक” म्हणायचे, हसायचेही. पण मी चुलीकडं तोंड करून भाकरी थापता थापता दिवसभराचं काही सांगायला लागले, की माझ्या पाठीमागं भिंत बसल्यासारखं. हं नाही की चूं नाही. दिवा मालवल्यावर आईची आठवण काढून मी बोलायचे, कधी रडायचेही. तरी गप्प. पहिल्यांदा वाटलं, दमतात बिचारे. मग वाटलं, स्वभाव असेल. मग वाटायला लागलं, की या माणसाला मी नकोच आहे, घरच्यांनी गळ्यात बांधली म्हणून नांदवतोय. दीड वर्षं मी भिंतीशी बोलले. माझं डोकं मुळात तापट. शेवटी मनाशी ठरवून टाकलं, आणखी एक डाव बघायचं, नाहीतर ट्रंक उचलून मोहोळची एस.टी. धरायची, कायमची. हे मी कुणालाही बोलले नव्हते.

तेवढ्यात मालक गिरणीत कायम झाले. पेढे घेऊनच आले. मला म्हणाले, “तुला काय पायजे ते माग. लुगडं घिऊ?”

मी म्हटलं, “मला तुमचा एक खाडा पायजे.”

“आँ?”

“एक दिस घरी ऱ्हावा. पावणे न्हाईत, बाजार न्हाई, देवदर्शन न्हाई. कायबी करायचं न्हाई.”

“मग करायचं काय?”

“तेच की! काय न्हाई!”

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. वेड लागलं की काय हिला, असंच त्यांना वाटलं असणार. पण शब्द दिला होता, मोडला नाही. आठवड्याच्या मधला एक दिवस ठरला.

आदल्या संध्याकाळीच मी धपाटे करून ठेवले, दही लावलं. चूल पेटवायची नाही म्हणजे नाही. मलाही खाडाच होता की! पहाटे मालक नेहमीसारखे उठले आणि पायात चपला घालायला लागले. माझं टाळकंच सरकलं. तर म्हणाले, “माज्या साच्यावर एकाला उभा करून येतो. न्हाईतर ती बिचारी बदलीवाली आशेनं उभी आसत्यात.” अन् गेले. दिवस वर यायच्या आत परतही आले, हसत हसत. एका माणसाला काम मिळालं म्हणून खूश. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आज आठवलं की ऊर भरून येतो. आता मालक नाहीत आणि ती गिरणीही नाही.

मग सुरू झालं आमचं काही न करणं. अहो, काही न करणं म्हणजे महाकठीण काम! हा गडी दहा मिनिटं बसला आणि उठून खिडकीची कडी ठोकायला लागला. मी हातोडी काढून घेतली. मग सायकल उलटी केली. मी तेलाची बुधली काढून घेतली. शेवटी चटईवर बसले, पण पाय हलतोय, बोटं हलताहेत, तुटलेला धागा जोडायला बघतोय जणू हात. मी समोर बसून हसत होते. तेही हसले. मला वाटलं, जमतंय. आज बोलतील.

तेवढ्यात मला चाळीच्या मागं जावं लागलं, आणि तिथली रांग तुम्हाला काय सांगू. अर्ध्या तासानं परत आले, तर आमच्या दारात ही गर्दी. शेजारच्या मावशी, तेलुगू, विड्या वळायच्या, जिवाला जीव देणारी बाई, मला बघताच पुढं आल्या आणि गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागल्या.

“अय्यो, तुझा बाप गेला गं!”

माझ्या हातातलं टमरेल खाली पडलं. मला वाटलं, मी मागं गेले तेवढ्यात गावाकडनं निरोप आला. मी तिथं दारात बसले आणि हंबरडा फोडला. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मावशींनी पिठलं-भाकरी झाकून आणली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच करून न्यायचं असतं. कोपऱ्यात मालक उभे, तोंडावरची माशी उडेना.

रडता रडता मी विचारलं, “निरोप कुणी आणला?”

मावशी म्हणाल्या, “निरोप कशाला? तुझा नवराच बोलला की!”

झालं होतं असं. सकाळपासून आमच्या घरातनं धूर नाही, सायकल दारात, मालक घरात. ताप दिसत नाही, लगीन तर नाहीच. म्हणजे उरलं काय? मावशी दारात आल्या आणि त्यांनी विचारलं, “कोन गेला?” मालक म्हणाले, “व्हय.” मावशींनी विचारलं, “हिचा बाप गेला काय?” मालकांनी मान हलवली, “व्हय, व्हय.” वर हसलेही म्हणे. मावशींना वाटलं, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला.

सगळा उलगडा झाल्यावर चाळ हसून हसून लोळायची बाकी राहिली. मावशी तेवढ्या फुगल्या. “काम नाही तर बसायचं कशाला घरी?” म्हणत पिठलं-भाकरी तिथंच ठेवून निघून गेल्या.

मी दार लावलं आणि मालकांवर तुटून पडले. “माझ्या बापाला मारलात! मावशी येवढ्या विचारत हुत्या, कानात काय बोळे घातले हुते?”

ते खाली बघत म्हणाले, “तिनं तोंडाला पदर लावला हुता की. मला कसं कळंल?”

मी पुढची शिवी तोंडात घेऊन थांबले.

पदर. मावशींनी पदर लावला होता, आणि चुलीपाशी माझी त्यांच्याकडं पाठ असायची. अंधारात तर तोंडच नव्हतं. मी ताटं घेतली, पिठलं-भाकरी वाढली. जेवायला लागले ते. मी उठून पाणी घ्यायच्या निमित्तानं चुलीकडं तोंड केलं आणि रोजच्याच आवाजात म्हटलं, “मी उद्या चालले मोहोळला. परत येनार न्हाई.”

मागं भाकरी मोडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. आनंदानं जेवत होते.

समोर जाऊन बसले. “मी आत्ता काय म्हनले?”

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. हातातला घास खाली ठेवला. “कवा?”

देवा! माझा माणूस बहिरा होता, आणि मी दीड वर्षं त्याच्या मनाला दोष देत होते. शेकडो साचे एकदम खडखडतात तिथं कान जातातच म्हणे हळूहळू. आत सगळे ओठ बघून आणि हाताच्या खुणांनी बोलतात. त्यांना स्वतःलाही बरेच दिवस कळलं नव्हतं. कळलं तेव्हा कायम व्हायचं तोंडावर आलं होतं, डॉक्टरची तपासणी व्हायची होती, म्हणून कुणाला बोलले नाहीत. मला का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणाले, “बहिऱ्यासंगं नांदशील का न्हाई, काय म्हाईत.”

मी रडले. ते का रडतेस म्हणून घाबरले. मग मी चटईवर त्यांच्या अगदी समोर मांडी घालून बसले आणि पहिल्या दिवसापासून सगळं परत सांगायला लागले. नळावरचं भांडण, आईची आठवण, अंधारात काय काय बोलले होते ते. मोहोळचं तेवढं गिळलं, ते कधीच सांगितलं नाही. दुपार कलली, दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला, आम्ही दोघं हललो नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. जिथं हसायचं तिथं हसत होते, दीड वर्ष उशिरा.

खोलीत अंधारायला लागलं तसे ते उठले. मला वाटलं, झालं, कंटाळले. तर त्यांनी कंदील लावला, आणून माझ्या तोंडाजवळ ठेवला, वात थोडी मोठी केली आणि परत समोर बसले.

“हां,” म्हणाले, “आता दिसतंय. मग, फुडं?”