एका सात्त्विक अश्रूची तळटीप

शास्त्रीबोवांच्या रविवारच्या वर्गात श्लोकाचा अर्थ नंतर, आधी मांडणी. "राजा कुठं उभा आहे?" हा पहिला प्रश्न. "बागेत" म्हटलं की पुढचा, "बागेत कुठं? तोंड कुणीकडं?" मग देवळाच्या ओवरीत आम्ही आठ गृहस्थ उठून जागा घ्यायचो. मी सोलापुरातल्या एका गिरणीच्या हपिसात कारकून. अंगानं किडकिडीत, म्हणून बहुतेक वेळा वेल व्हायचो. एकदा मला भुंगा केलं होतं आणि माझी नायिका होते टक्कल पडलेले पोस्टमास्तर.

हसायचो खरे, पण बोवांचं म्हणणं पोरकट नव्हतं. दहा वर्षं ते एक ग्रंथ लिहीत होते. संस्कृत काव्य हेच मुळी नाटक आहे, असा त्यांचा सिद्धान्त. रंग, पडदा, पेटी काही नको. प्रवेश, नजर, हाताची हालचाल सगळं ओळीतच आहे. गावातले नाटकवाले डिवचायचे, "बोवा, तोंडाला रंग न लावता एक तरी माणूस रडवून दाखवा." ते बोवांना फार लागलं होतं. त्यांच्या शास्त्रात अश्रू हा सात्त्विक भाव; मन बुडालं की आपोआप येतो, हुकमानं नाही. असा एक खरा अश्रू त्यांना हवा होता. ग्रंथाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावाचून अडलं होतं.

तो मी पुरवला.

त्या रविवारी बायको गेलेल्या एका राजाचा विलाप म्हणायची पाळी माझी होती. आदल्या संध्याकाळी गिरणीतला जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, म्हणाला होता, "सायेब, डोळं आल्यात की तुमचं! उद्या कुटं जाऊ नका, समद्यांना द्याल." सकाळी पापण्या चिकटलेल्या. गार पाण्यानं धुतल्या आणि गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वेलाचा राजा होत होतो, कोण घरी बसतो?

तिसऱ्या श्लोकाला डोळे गळू लागले. चौथ्याला पोथी दिसेना, म्हणून आवाज अडखळला. बोवांना मोतीबिंदू, लाली दिसली नाही, धार तेवढी दिसली. ते उठले, उपरण्यानं माझे डोळे पुसले आणि त्याच उपरण्यानं स्वतःचे. "स्वरभंगसुद्धा! हाही सात्त्विक भावच!" असं पोस्टमास्तरांना म्हणाले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली, तर तीही शोकात जमा झाली.

बुधवारपर्यंत सगळ्या वर्गाचे डोळे लाल. बोवांना आनंद मावेना. एकाचा शोक सगळ्यांचा होणं, याला ते साधारणीकरण म्हणत. "तीन दिवस टिकलं रे!" असं मला म्हणाले. त्यांच्या घरीच होतो; त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, शेजारी बसून बोरीकच्या पाण्यात कापूस बुडवत होत्या.

"अहो, तुमच्या शास्त्रात रस चिकट असतो का? सकाळी उशी सुटत नव्हती."

"तुला नाही कळायचं."

"नाही ना कळायचं. उपरणं मात्र मीच उकळायचं."

आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताचे वासे मोजू लागलो.

इतरांचे डोळे आठवड्यात बरे झाले. बोवांना दीड महिना वाचता आलं नाही आणि त्यानंतर बारीक अक्षर कधी नीट लागलंच नाही. मोतीबिंदूनं नजर जायचीच होती, असं वैद्य म्हणाले. मला ते आजतागायत पटलेलं नाही. गिरणी सुटली की मी त्यांच्याकडे जायचो. ते सांगत, मी लिहून घेई. एके दिवशी ते वाक्य आलं. "लिही. सोलापुरी एका सहृदय वाचकाच्या ठायी सात्त्विक अश्रू प्रत्यक्ष पाहिला."

माझा टाक थांबला.

"का रे?"

"शाई संपली."

आतून काकू, "आत्ताच भरली की दौत!"

लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं.

बोवा जाऊन आता बारा वर्षं झाली. गेल्या महिन्यात काकूंनी बोलावून ते बाड माझ्यापुढे ठेवलं. "छापायचं म्हणता ना, छापा. पण ते एक पान आधी बघा."

तेव्हा कुठं तोंड उघडलं. "काकू, त्या दिवशी माझे डोळे आले होते."

"ठाऊक आहे की. उपरणं कुणी उकळलं?"

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

"दहा वर्षांच्या ग्रंथाचं अडलेलं प्रकरण, एकदाचं सुटलं होतं. त्यांचा उतरलेला चेहरा घरात मला बघायचा होता, तुम्हाला नव्हे. पण आता खोटं छापू नका. लोक त्यांना हसतील."

तिथंच बसून मी त्या वाक्याखाली टीप लिहिली : 'सदर वाचक मी. माझे डोळे आले होते, आणि इतरांचे माझ्यामुळे आले.' वाचून दाखवली. काकूंनी मान हलवली.

"इतरांचे ठीक. ह्यांचं काय?"

"त्यांचेही माझ्यामुळेच..."

"ते नंतर. मी ओवरीच्या खांबाआड बसले होते त्या दिवशी. तुमचा दुसराच श्लोक चालू होता, तुमचे डोळे तेव्हा कोरडे ठणठणीत. ह्यांचे भरलेले. म्हणून तर उपरणं हातात आलं, तुमच्यासाठी नव्हे काही." त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. "तेही लिहा. शाई आहे."

मी टाक बुडवला.