सुमनक्कांचा रिकामा तवा

सुमनक्का ओव्हनला शिव्या घालतच तो चालू करायच्या. "ह्या कपाटात म्हणे मासा शिजतो! उद्या फ्रिजमध्ये भात लावा!" बंगळुरात, बसवनगुडीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मी पुण्याचा, मासे मला मेनूकार्डावरूनच ठाऊक. पण ओव्हन चालवता येतो एवढ्या भांडवलावर अक्कांनी मला दर रविवारी स्वयंपाकघरात राबवून घेतलं.

ओव्हन त्यांच्या मुलीने पाठवलेला. अण्णांची, म्हणजे अक्कांच्या यजमानांची, बायपास झाली आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. कारवारच्या माणसाला तळलेला बांगडा बंद! ओव्हनमधला मासा अण्णांनी एकदा चाखला, "हे आजाऱ्याचं जेवण" म्हणून ताट सरकवलं आणि पुढे त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. दोन घास खाऊन उठायचे. अंगावर शर्ट लोंबायला लागला. अक्कांच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा, पण मनातून त्या पार घाबरल्या होत्या.

मग त्यांनी शक्कल लढवली. बांगड्याला मसाला, रवा, वर नावाला तेलाचं बोट, आणि रवानगी ओव्हनमध्ये. तो बाहेर काढायच्या वेळी गॅसवर रिकामा तवा तापवायचा आणि त्यावर पाणी शिंपडायचं. चर्रर्र! बाहेर बसलेल्या अण्णांना ऐकू गेलं पाहिजे. "कानाला तळलेलं, पोटाला भाजलेलं. डॉक्टर पण खूश, म्हातारा पण खूश. सरी? बरोबर ना?" अक्का मला विचारायच्या. एवढ्या धडधडीत फसवणुकीत सामील व्हायची मला लाज वाटायची. पण अण्णा जेवायला लागले. काटे चोखत "आता कसं!" म्हणायला लागले.

एका रविवारी भूक आवरेना म्हणून अण्णा, जन्मात कधी नव्हे ते, थेट स्वयंपाकघरात आले. माझ्या हातात ओव्हनमधून काढलेला ट्रे, अक्कांचा ओला हात रिकाम्या तव्यावर. अक्का पांढऱ्याफटक पडल्या. आता हा माणूस पुन्हा जेवण टाकणार, अशी आम्हा दोघांचीही खात्री झाली.

"अहो, ते..." अक्कांनी ओला हात पाठीमागे लपवला.

अण्णांनी तव्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं.

"स्वल्प जोरात शिंपड गं," ते म्हणाले. "पंखा चालू असला की बाहेर ऐकू येत नाही."

आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले. अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि पाण्याचा अख्खा पेला तव्यावर ओतला.