गावच्या शाळेतली मागची खोली

माझ्या लेकीला ऐकू येत नाही, हे आम्हाला एका ट्रॅक्टरमुळे कळलं. ती नुकतीच पळायला शिकली होती. हळद काढणीचे दिवस होते. घरासमोरच्या रस्त्यावर ती मातीत बोटं फिरवत बसली होती आणि मागून हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग खाली वाकून ओरडला. ती हललीच नाही. माझ्या नवऱ्यानं धावत जाऊन तिला उचललं.

"लई हट्टी हाय ओ तुमची पोरगी," ड्रायव्हर म्हणाला.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. हट्टी लेकरू निदान वळून तरी बघतं.

मग हिंगोलीचा दवाखाना झाला, नांदेडचा झाला. कानाचं मशीन मिळालं. ते घातलं की ती डोकं झाडायची, आणि एक दिवस तिनं ते गोठ्यातल्या पाण्याच्या टाकीत टाकून दिलं. तोवर आमच्या घरापुरत्या खुणा तयार झाल्या होत्या. अंगठा तोंडाला म्हणजे पाणी, तळवा गालाला म्हणजे झोप, पाठीत वाकलं की आजी. माझं तिच्याशी सगळं बोलणं होतं, असं तेव्हा मला वाटायचं. खरं तर भूक, पाणी, झोप आणि मार, एवढंच ते बोलणं होतं.

आमचं गाव गोरेगावपासून थोडं आत आहे. जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि आसपासच्या शाळांचं केंद्र असल्यामुळे ती जरा मोठी आहे. तिथं तिला बसू दिलं, कुणी नाही म्हटलं नाही. तिचं अक्षर इतकं देखणं की गुरुजी तिची पाटी दुसऱ्या पोरांना दाखवायचे. फळ्यावर जे असेल ते ती जसंच्या तसं उतरवायची. वार, दिनांक, सुविचार, अगदी कोपऱ्यातली हजेरीसुद्धा. मला फार अभिमान वाटायचा. मग एकदा फिरत्या विशेष शिक्षिका शाळेत आल्या. अशा लेकरांसाठी तालुक्यात मोजक्याच बाई होत्या. त्या शाळाशाळांतून फिरायच्या, त्यामुळे आमच्या वाट्याला अधूनमधूनच यायच्या. त्यांनी पाटीवरच्या 'आई' या शब्दावर बोट ठेवलं आणि लेकीला खुणेनं विचारलं, हे काय? ती हसली आणि तोच शब्द खाली पुन्हा लिहिला. अजून सुंदर.

बाईंनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "ताई, ती लिहीत नाही, चित्र काढते आहे. तिला आधी भाषा पाहिजे. जिथं हातांनी बोलतात अशा शाळेत घाला."

अशी शाळा आमच्या भागात नव्हती. होती ती लांब, शहरात, कर्णबधिर मुलांची निवासी शाळा. सासूबाई म्हणाल्या, "येवढ्या लेकराला दूर टाकून काहून जगायचं आपण?" तरी टाकलं. निरोप घ्यायचा तरी कसा? 'मी परत येईन' याची खूण आमच्याकडे नव्हतीच. मी दाराकडे, मग स्वतःकडे बोट दाखवत राहिले, आणि तिला वाटलं मी तिला सोबत चल म्हणते आहे. ती चप्पल घालून दारात येऊन उभी राहिली.

त्या प्रसंगाबद्दल मी आजही जास्त बोलू शकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा तिचे हात बदलले होते. ते सतत चालू असायचे. जेवताना, भांडी घासताना, झोपेतसुद्धा बोटं हलायची. आल्या आल्या तिनं अंगणात उभं राहून मला काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली. भुवया उडत होत्या, गाल फुगत होते, मध्येच ती कुणाची तरी चाल करून दाखवत होती, मध्येच पोट धरून हसत होती. मी नाकपुडीशी टेकलेलं बोट ओळखलं, ते नाकातल्या चमकीवरून आलेलं, म्हणजे आई. बाकी काही कळलं नाही. मी हसत राहिले, मान हलवत राहिले.

ती थांबली. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग हात खाली घेतले आणि अंगठा तोंडाला लावला. पाणी.

त्या सुट्टीत ती माझ्याशी पुन्हा आमच्या जुन्या खुणांतच बोलली. आपण लहान लेकराशी बोबडं बोलतो ना, तशी. तिला तिथल्या मैत्रिणींनी नाव ठेवलं होतं. हनुवटीवर बोट टेकवून जरा फिरवायचं, तिथं तिला खळी आहे म्हणून. ते तिचं नाव मला सुट्टी संपून तिला परत सोडायला गेले तेव्हा कळलं, तिथली दुसरी मुलगी तिला हाक मारत होती त्यावरून. म्हणजे बारशाला आम्ही ठेवलेलं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि जे तिला कळत होतं ते मला ठाऊक नव्हतं.

मी ठरवलं की लेकीला घरी आणायचं. शाळाच इकडं आणायची.

बाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा मी त्यांना गाठलं. "मॅडम, तुमी इथंच काहून बसत न्हाई? रोज?"

त्या हसल्या. "बसायला खोली द्या, आणि लेकरं दाखवा. केंद्राच्या शाळेत आमच्यातलं एक माणूस कायम देता येतं. पण कागदावर लेकरंच नसतात ताई. घरोघरी असतात, शाळेत नसतात."

मग मी लेकरं शोधायला निघाले. आधी गोरेगावच्या बाजारात. तिथं एका शिलाईवाल्या भाभी बसायच्या, माझे ब्लाऊज त्याच शिवायच्या. त्यांच्या मशीनमागं सतरंजीवर त्यांचा मुलगा असायचा. त्याचे पाय कडक होते, मान एका बाजूला जायची, पण डोळे इतके हुशार की गिऱ्हाईक कुठल्या रंगाचं कापड घेऊन आलं होतं ते तो आठवड्यानं सांगायचा. फक्त त्याचं बोलणं समजायला वेळ द्यावा लागायचा.

"भाभी, याला शाळेत घालता का? आमच्या गावात खोली व्हायची आहे."

त्यांनी सुई तोंडातून काढली. "बाजी, मैं दो बार लेके गई. बोले, इसकू संभालेगा कौन?" मग मराठीत म्हणाल्या, "तुमी सांभाळणार असंल तर मी आजच आणते."

सगळे असे भेटले नाहीत. शेजारच्या वाडीत एका घरी नात आहे, मंद आहे, असं ऐकून मी गेले. आजोबा ओट्यावर तुरीच्या काड्या बांधत बसले होते. मी विषय काढला तशी त्यांनी मानही वर केली नाही.

"आमच्या घरात असं कोणी न्हाई."

त्याच वेळी आतल्या दाराच्या फटीतून एक मुलगी माझ्याकडे बघत होती. गोल चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, हातात पितळी वाटी. ती मला बघून वाटी वाजवायला लागली. आजोबा तसेच काड्या बांधत राहिले. मी म्हणाले, "बरं बाबा, येते." ते म्हणाले, "या." आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर ती होती आणि आम्ही दोघंही तिच्याबद्दल बोललो नाही. रस्त्यानं येताना मला त्यांचा राग आला नाही. एका थोरल्या नातीचं लग्न व्हायचं होतं त्यांच्याकडे. लोकांनी काय काय विचारलं असेल, ते मला माझ्यावरून ठाऊक होतं.

लेकरं जमत गेली. अडलं ते खोलीपाशी. शाळेच्या मागं एक खोली होती. तिच्यात मोडके बाक आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती. हेडमास्तर माणूस चांगला, पण सावध. "खोली देतो हो, पण तांदूळ कुठं ठेवू? उंदरांनी खाल्ला तर उत्तर मला द्यावं लागेल." त्यांचंही खोटं नव्हतं.

शेवटी पालकांची सभा बोलावली. बोलणं सुरू झालं आणि मागून एक जण म्हणाला, "शहाण्या पोरांनाच धड बसायला जागा न्हाई. हे आणखी कशाला?" दोघाचौघांनी माना हलवल्या.

माझा नवरा सभेत कधी बोलत नाही. सोयाबीनचं बोलणं असो की सप्त्याचं, तो मागं बसतो आणि चहा आला की उठतो. तो उभा राहिला. "माझी पोरगी या शाळेत बसत होती," तो म्हणाला. "कोणाची जागा तिनं खाल्ली? कोपऱ्यात बसून फळा उतरून काढत होती. तिला काय शिकवलं तुमी? तिनं कधी तकलीफ दिली न्हाई, म्हणून कोणाच्या ध्यानातच आलं न्हाई तिला काय येत न्हाई ते." एवढं बोलून तो खाली बसला.

मग ज्यानं विरोध केला होता तोच म्हणाला, "तांदूळ ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवता येईल. तिथं टिनाचं दार हाय. उंदीर न्हाई येत."

पुढं मंजुरीला वर्ष गेलं. तालुक्याच्या कचेरीत, सेनगावला, किती चकरा झाल्या, जीपमध्ये किती वेळा चेपून बसले, ते आता आठवत नाही. दरम्यान मी बाईंकडून खुणा शिकत होते, मोबाईलवर बघून गिरवत होते. स्वयंपाक करताना भाकरीच्या पिठाच्या हातांनी मी एकटीच बोलायचे. सासूबाई म्हणायच्या, "पोरीच्या नादानं ही बी येडी होऊन राहिली." पण हळूहळू त्याही चार खुणा शिकल्या, आणि त्यांच्या खुणा माझ्यापेक्षा ठसठशीत असायच्या.

जून उजाडला आणि खोली उघडली. भिंतींना पिवळा रंग दिला, दारात उतार केला, बाई कायमच्या आल्या. भाभींचा मुलगा तीन चाकांच्या खुर्चीत बसून पहिल्या दिवशी आला. मी शहरात गेले आणि लेकीला घेऊन आले. तिला काही सांगितलं नव्हतं, मला तिचा चेहरा बघायचा होता.

ती खोलीभर फिरली. चित्रं पाहिली, खेळणी हातात घेऊन पाहिली, भाभींच्या मुलाला हसून नमस्कार केला. मग बाकावर बसून तिनं हातांनी मला विचारलं, "इथं माझ्याशी बोलणारं कोण?"

"मी," मी म्हणाले. "बाई."

तिनं विचार केला. मग म्हणाली, "तू फार हळू बोलतेस." आणि तिच्या मैत्रिणींची नावं एकामागून एक दाखवली. कपाळावरचा तीळ, कुरळे केस, मोडका दात. "त्या तिकडं आहेत."

त्या दिवशी मी तिच्यावर चिडले. घरी येऊन भांडी आपटली. तुझ्यासाठी उन्हातान्हात फिरले, घराघरांतून नकार ऐकले, आणि तू असं म्हणतेस, असं सगळं मी तोंडानं बोलले, तिला ऐकू येत नसताना. नवरा दारात बसून होता. तो म्हणाला, "तिचं बराबर हाय. तुला बोलणारं कोणी नसतं तर तू इथं राहिली असतीस का?"

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिलं वर्ष मला बोलायला कुणी नव्हतं. मी सारखी माहेरी पळायचे. हे त्याला आठवत होतं, आणि मला ते आठवायला तो लागला.

मी जवळची शाळा मागितली होती. जवळ म्हणजे किती कोस, हे मी माझ्या घरापासून मोजलं होतं. तिच्यासाठी जवळ म्हणजे जिथं पहिल्याच झटक्यात समजतं ती जागा. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच ठिकाणी मिळायला हवं होतं. आमच्या भागात ते अजून मिळत नाही. मी तिला परत सोडून आले. या वेळी 'मी परत येईन' हे मला नीट सांगता आलं. ती म्हणाली, "माहीत आहे. जा आता." आणि मैत्रिणींकडे पळाली.

खोली मात्र रिकामी राहिली नाही. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी वाडीतले ते आजोबा शाळेच्या फाटकात उभे दिसले. नातीचा हात धरलेला, तिच्या केसांना तेल, दोन वेण्या. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला घरी करमत न्हाई." मी म्हणाले, "इथं करमल बाबा." एवढंच. आता ती मुलगी खोलीतल्या सगळ्यांचे डबे उघडून देते आणि कुणाला लगेच पहिला घास घेऊ देत नाही, आधी हात जोडायला लावते.

मागच्या हिवाळ्यात एक अगदी लहान, ऐकू न येणारी मुलगी आली. तिच्याकडे एकही शब्द नव्हता. मी रोज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसते. 'आई' तिला दोन आठवड्यांत आलं, 'कुत्रं' त्याहून लवकर. तिकडच्या शाळेला सुट्टी असली की माझी लेक खोलीत येऊन तिला शिकवते. माझ्या चुका दुरुस्त करत, माझ्या बोटांना धरून सरळ करत. त्या दोघी बोलायला लागल्या की बाई शिकवणं थांबवून बघत बसतात.

खोली आता पुरत नाही. उतारावर सकाळी गर्दी होते, बाहेर व्हरांड्यात सतरंज्या टाकाव्या लागतात. शेजारची खोली मिळावी म्हणून हेडमास्तरांनी स्वतःहून पालकांची सभा लावली आहे. आणि पलीकडच्या एका गावातून एका आईचा फोन आला होता. तिच्या मुलाला दिसत नाही. तिच्या गावात अशी खोली कशी करायची, एवढंच तिला विचारायचं होतं. मी तिला म्हणाले, फोनवर नको, मीच येते. सोमवारी सकाळच्या जीपनं निघणार आहे.