अंतराळस्थानकातला संडास

राव मामांच्या हाती अंतराळस्थानकाची जुनी गोष्ट पडली की ते आधी त्यात संडास शोधायचे. सापडायचा नाही. मग चष्मा काढून म्हणायचे, "अय्यो! आकाशांत घर बांधलें, मोरी विसरला."

खरा उपग्रह उडण्याच्या कितीतरी आधी कथालेखकांनी विटांचे उपग्रह माणसांसकट आकाशात भिरकावले होते, चाकासारख्या फिरत्या स्थानकांत बागा फुलवल्या होत्या. चेन्नईत गिंडीतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मामांकडे अशा गोष्टींचं कपाट होतं. तंजावरी मराठी घराणं, रेल्वेतून निवृत्त, एकटे. मी वरच्या मजल्यावरची, पुण्याहून आलेली, कायम पत्रकं वाटणारी. तेव्हाचं माझं पत्रक होतं: झाडलोट करणाऱ्या बायकांना संडास द्या! इमारतीत जिम होती, कारंजं होतं. कुप्पम्मा आणि तिच्या सोबतिणी मात्र कामावर पाणीच पीत नसत. असोसिएशनने पत्रकाची दखल घेतली. बैठकीत त्यावर तेलकट बज्जी ठेवली.

मग त्यांनी मुलांसाठी पुठ्ठ्याचं अंतराळस्थानक उभारलं आणि भाषणाला मामांना बोलावलं.

"इतक्या गोष्टी वाचल्या," मामा म्हणाले. "दुर्बीण आहे, बाग आहे, संडास नाही. लिहिणाऱ्यास वाटलें, तें कोणी तरी पाहील. आपली इमारतही तशीच. कुप्पम्मानें जावें कोठें?"

टाळ्या! अध्यक्षांनी लगेच मामांना पोन्नाडै पांघरवली. ही सत्काराची सोनेरी शाल. चेन्नईत तिच्याखाली माणूस मावतो, त्याचा प्रश्नही मावतो.

दुसऱ्या दिवशी मामांनी मागच्या अंगणातला आपला संडास बायकांना खुला केला. दार कुजून पडलेलं. तिथे पडदा म्हणून पोन्नाडै टांगली.

अध्यक्ष धावत आले. "सार, हा असोसिएशनच्या शालीचा अपमान आहे!"

"सरि, बरें. दार बांधा, शाल काढतों."

बायकांच्या अब्रूसाठी जे हललं नव्हतं, ते शालीच्या अब्रूसाठी हललं. आवारात पक्का संडास झाला, आतून कडीसुद्धा. उद्घाटनाला मामांना दुसरी पोन्नाडै मिळाली. ते माझ्या कानाशी कुजबुजले, "ही कोठें टांगूं, मा? वॉचमनच्या खोलींत ऊन फार येतें."

टांगली. छत आलं.

मामा गेले तेव्हा अध्यक्षांनी त्यांच्यावर तिसरी पांघरली. नेण्याआधी कुप्पम्माने ती काढली, घडी घालून माझ्या हातात दिली. आता कपाटही माझ्याकडे आहे. माझ्या पत्रकांना अजून कोणी भीक घालत नाही. पण जिन्यात भेटले की अध्यक्ष आधी माझ्या खांद्यावर काय आहे ते पाहतात.