पंक्याची तीन गाणी आणि माझी सत्काराची यादी

गेल्या रविवारी गारखेड्यातल्या एका हॉलमध्ये आमच्या बँडचं रियुनियन झालं. फोटो तुम्ही पाहिलेच, लाईकही भरभरून केलेत... पण फोटोत जे दिसत नाही ते आज लिहितोय. लिहिल्याशिवाय चैन पडेना.

बँडचं नाव 'लोडशेडिंग'. कॉलेजातले आम्ही चौघं, मी ड्रमवर. प्रॅक्टिसला बसलो रे बसलो की लाईट जायची, म्हणून हे नाव. शहरात मराठी रॉक वाजवणारे तेव्हा आपणच, अशा रुबाबात फिरायचो.

खरं तर लोक यायचे ते पंक्यासाठी. पंक्या म्हणजे पिशोरचा पंकज, आमचा गायक. त्यानं वरचा सूर लावला की मागच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर उभी राहायची.

पुढं सगळे पोटापाण्याला लागले. मी वडिलांच्या औरंगपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात बसलो. एकटा पंक्या पुण्याला गेला, स्वतःची गाणी करायला.

दोन अल्बम काढले त्यानं, चालले नाहीत. मग रिसेप्शनमध्ये गायला, गाण्याचे क्लास घेतले... नवीन गाणं झालं की लिंक ग्रुपवर टाकायचा. आम्ही न ऐकताच 'एक नंबर भावा!' लिहून मोकळे.

रियुनियनची आयडिया त्याचीच. फोनवर स्पष्ट बोलला होता, "यार, बँडच्या नावानं पब्लिक येईल. त्यातली वीस मिनिटं मला दे, माझी तीन गाणी म्हणतो, ग्रुपवर टाकलेली, अजून कुठं न गायलेली. पुण्याचे एक शोवाले येणारेत. त्यांना आवडलं तर माझा एकट्याचा प्रोग्राम लावतील... नाय आवडलं तर मग बास झालं गाणं."

मी म्हटलं, अरे वीस काय, तीस घे!

आता आपल्याकडं कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच. हॉल मिळवून देणारे साहेब, साऊंडवाले, कॉलेजचे सर, दोन-तीन पुढारी... एकाला वगळलं तर वर्षभर तोंड फिरवून बसणार. यादी मीच केली. चौदा नावं झाली.

हॉल आठपर्यंत आमच्याकडं होता. सुरुवात झकास झाली. पोटं सुटलीत सगळ्यांची, पण हात काही विसरले नव्हते. जुनी गाणी सुरू झाली आणि पब्लिक नुसतं पेटलं.

पाच गाणी झाल्यावर पंक्यानं माझ्याकडं बघून मान हलवली... म्हणजे, 'आता माझी गाणी'. तेवढ्यात निवेदकानं माईक घेतला. "यानंतर एक छोटेखानी सत्कार समारंभ!"

कसलं छोटेखानी! पाऊण तास चालला. 'दोनच शब्द बोलतो' म्हणून दोघा-तिघांनी दहा-दहा मिनिटं खाल्ली. पंक्या गिटार गळ्यात अडकवून कडेला उभा होता.

मी शालींचं ताट घेऊन फिरत होतो. घड्याळ समोर दिसत होतं. पण मध्येच थांबवायचं कसं, वाईटपणा कोण घेणार... मी नाही घेतला.

आणि चौदावं नाव पुकारलं ते पंक्याचं. हे माझं सरप्राईज होतं बरं का! शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. त्यावर छापलेलं, 'एकेकाळचा आपला लाडका गायक'. मजकूर माझाच.

त्याच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिटायर होणाऱ्या मास्तरांचा निरोप समारंभ असतो ना, हुबेहूब तसं दिसत होतं. ज्याला नव्यानं सुरुवात करायची होती, त्याला मी सगळ्यांसमोर रिटायर करून टाकलं होतं.

पंक्या हसला, सरांच्या पाया पडला. हॉलचा माणूस दारातून खुणा करत होता, दहा मिनिटं राहिली होती. पंक्या माईकवर आला. "माझं एक नवं गाणं..." एवढंच बोलला आणि पब्लिकनं जुन्याच गाण्याचा गलका केला.

त्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी फक्त थांबायला हवं होतं. पण मलाही ती टाळ्या-शिट्ट्यांची नशा चढली होती... मी जुन्याच गाण्याचा ठेका धरला. पंक्या मुकाट्यानं गायला, आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

नंतर ते शोवाले थेट माझ्याकडं आले. "काय बँड आहे तुमचा! पुढच्या महिन्यात पुण्यात लावू या." मी एका दमात हो म्हणालो. पंक्या शेजारीच वायर गुंडाळत होता, त्याच्याकडं बघायचंही सुचलं नाही मला.

निघताना त्यानं मिठी मारली. "लई मजा आली रे. पुण्याला दुसरा कुणी गायक बघा... मला नाय जमायचं." रुसवा नाही, शिवी नाही. एखादी कचकचीत शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ग्रुपवर मागं मागं जाऊन त्याच्या लिंक शोधल्या आणि तिन्ही गाणी ऐकली. पहिल्यांदाच. शपथ सांगतो, सुंदर आहेत... आणि त्यातलं एक आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीवर आहे.

त्यात एक कडवं ड्रमवाल्याचं आहे. कधीच वेळेवर न येणारा, पण तो मागं बसला की गाणाऱ्याला कशाची भीती वाटत नाही, असा ड्रमवाला. दोन वर्षं झाली ती लिंक येऊन. खाली माझी कमेंट तशीच आहे... 'एक नंबर भावा!'

दोन दिवस फोन हातात घेतोय आणि ठेवतोय. म्हणून इथं, सगळ्यांसमोर. पंक्या, चुकलं रे माझं. पुण्याला नाही म्हणून कळवलंय. तुझी तिन्ही गाणी रोज वाजवून बसवतोय... बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस, तरी तुझ्यावर रागवायचा हक्क मला उरलेला नाही.