ड्रम मोजणारे चाचा

गेल्या शनिवारी दुपारी दीड वाजता खामगावात एका रिक्षावाल्या चाचांचा अपमान झाला. केला एका घरमालकानं. गप्प बसलो मी.

पुणं सोडून इथं राहायला यावं का, हे पाहायला मी एका दिवसासाठी आलो होतो. भाड्याच्या खोलीसाठी सकाळपासून चाचा गल्ल्या दाखवत होते. दारापुढचे पाण्याचे ड्रम बोटानं मोजायचे आणि रिक्षा वळवायचे. "चार ड्रम हायेत बाबू, म्हंजे नळ लय दिवसानं येते. काऊन मरता इथं?"

शेवटी एका दारात एकच ड्रम दिसला. चाचा माझ्याहून खूश झाले. घरमालकानं मला खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या दिला. चाचांची जाळीची गोल टोपी पाहून म्हणाला, "त्याले फाटकाबाहेरच थांबू द्या." समतेची पत्रकं वाटणारा मी ते पाणी प्यालो.

परत निघताना चाचांनी मान न वळवता विचारलं, "पानी गोड हाये ना तिथलं?"

खोली मी नाकारली, पण दोन दिवसांनी, फोनवर. चाचांसमोर नाही.

तुम्ही घर पाहायला जाल, तेव्हा सोबतच्या माणसाला आत बोलवायला सांगा. नाही बोलावलं, तर हातातला तांब्या तिथंच खाली ठेवा.